चुकीचा ठावठिकाणा शोधणारा गणिती : रिचर्ड हॅमिंग

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

थोरामोठ्यांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. ती बहुधा राजांची, संतांची, समाजसुधारकांची किंवा क्रांतिकारकांची असतात. यंत्राच्या बिघाडावर चिडून, त्या चिडण्यातूनच साऱ्या जगाच्या उपयोगी पडणारे गणित शोधून काढणाऱ्या माणसाचे चरित्र आपल्या वाचनात सहसा येत नाही. मी कला शाखेची विद्यार्थिनी. गणिताचा आणि माझा संबंध दहावीच्या परीक्षेपाशी संपला. असे असूनही या अंकासाठी मी एका गणितज्ञाचीच निवड का केली, हे आधी सांगितले पाहिजे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी वडिलांबरोबर तालुक्याच्या गावी एका संगणक केंद्रात गेले होते. वडिलांनी त्या दिवसाची मजुरी बुडवली होती. अर्ज निम्मा भरून होतो न होतो तोच पडदा निळा झाला आणि संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. भरलेले सारे पुसले गेले. दुसऱ्यांदा तेच झाले, तिसऱ्यांदाही तेच. केंद्रातील गृहस्थ वैतागले. मला यंत्र हाताळता येत नाही, मी भलतीच बटणे दाबते, असे ते चारचौघांत म्हणाले. वडील खाली मान घालून उभे राहिले. खरे सांगायचे तर मलाही तेच वाटले. ज्यांच्या घरात पुस्तक नव्हते, त्यांना काहीही बिघडले की दोष आपलाच, असे वाटण्याची सवय लागलेली असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा दुरुस्ती करणारे एक काका तो संगणक उघडून बसले होते. त्यांनी कोणालाच दोष दिला नाही. आधी वीजपुरवठ्याच्या तारा पाहिल्या, मग पंखा फिरतो का आणि आतला भाग फार तापतो का ते पाहिले. नंतर मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसल्या. मग एका वेळी एकच पट्टी लावून तपासणी चालवली. पहिल्या पट्टीवर सारे सुरळीत चालले. दुसरी लावताच पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या, आणि त्या दर खेपेस त्याच त्याच ठिकाणी उमटत होत्या. काकांनी ती पट्टी बाजूला टाकली. त्यानंतर माझा अर्ज एका दमात भरून झाला. चूक कोणाची हा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. चूक कुठे आहे, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

ही हकिकत मी आमच्या संगणकाच्या सरांना सांगितली. तेव्हा ते म्हणाले की, काही संगणकांत अशी मेमरी असते की ती स्वतःची लहानसहान चूक स्वतःच शोधते आणि स्वतःच दुरुस्त करते. या युक्तीचा जनक रिचर्ड हॅमिंग. त्या दिवसापासून या माणसाविषयी मिळेल तेवढे मी वाचले. त्याचेच हे सार.

रिचर्ड वेस्ली हॅमिंग यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी झाला. शाळेचे आणि महाविद्यालयाच्या आरंभीच्या वर्षांचे शिक्षण त्याच शहरात झाले. त्यांच्या मनात इंजिनिअर व्हायचे होते. परंतु तो काळ १९२९ नंतरच्या जागतिक मंदीचा होता. पैशाची चणचण घरोघर होती. शिकागो विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली, आणि त्या विद्यापीठात इंजिनिअरिंगची शाखाच नव्हती. म्हणून त्यांनी गणित घेतले. इच्छा एक आणि मिळाले दुसरे, असा हा प्रकार. आपल्यापैकी कितीतरी जण असेच मिळेल त्या शाखेत आलेले आहेत! पुढे मात्र हॅमिंग यांना या योगायोगाचे समाधानच वाटत असे. इंजिनिअर झालो असतो तर कुठेतरी जमिनीतल्या भुयारांत उतरून काम करावे लागले असते, संशोधनाचे हे रोमहर्षक आयुष्य लाभले नसते, अशी त्यांची भावना होती.

१९३७ साली ते शिकागो विद्यापीठाचे पदवीधर झाले. १९३९ साली नेब्रास्का विद्यापीठाची एम. ए. आणि १९४२ साली इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. विद्यार्थिदशेतच जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाचा तर्कशास्त्रावरील ग्रंथ त्यांच्या हाती पडला. खरे-खोटे, आहे-नाही यांचेही गणित मांडता येते, हे त्या ग्रंथाने त्यांना दाखवले. पुढे त्यांच्या हातून जे मोठे काम झाले त्याचे बी असे पेरले गेले. १९४२ सालीच वांडा लिटल या सहाध्यायिनीशी त्यांचा विवाह झाला.

त्या वेळी दुसरे महायुद्ध पेटले होते. १९४५ च्या एप्रिलमध्ये हॅमिंग न्यू मेक्सिकोतील लॉस अॅलॅमॉस येथे दाखल झाले. याच ठिकाणी अणुबाँब तयार होत होता. थोड्याच दिवसांत वांडाबाईही तेथे आकडेमोडीच्या कामावर रुजू झाल्या. भौतिकशास्त्रज्ञ समीकरणे द्यायचे आणि हॅमिंग ती गणनयंत्रांवर सोडवून घ्यायचे. यंत्रे चालू ठेवून मोठ्या शास्त्रज्ञांना त्यांच्या कामासाठी मोकळे करणारा झाडलोटवाला, अशीच आपली तेथील भूमिका होती, असे ते पुढे विनोदाने सांगत.

येथे घडलेला एक प्रसंग त्यांनी आपल्या वृद्धपणी लिहून ठेवला आहे. १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली. त्याच्या थोडे आधी एक गृहस्थ काही गणिते तपासण्यासाठी त्यांच्याकडे घेऊन आले. हॅमिंग यांनी ती हाताखालच्या माणसाकडे देण्याचे मनात आणले, आणि सहज विचारले की हे गणित आहे तरी कशाचे? उत्तर मिळाले की, बाँबच्या स्फोटाने पृथ्वीभोवतीचे सारे वातावरण पेट घेईल की काय, याचे हे गणित आहे. हॅमिंग यांनी ते काम दुसऱ्याकडे न देता स्वतःच केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले की आकडेमोड बरोबर दिसते. मात्र ऑक्सिजन आणि नायट्रोजनविषयीची जी सूत्रे यात गृहीत धरली आहेत, त्यांची ग्वाही आपण देऊ शकत नाही. त्या गृहस्थांनी उत्तर दिले की, तुम्ही फक्त आकडेमोड पाहायची होती, भौतिकशास्त्र नव्हे; आणि ते निघून गेले. हॅमिंग अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालू लागले. तेव्हा एका मित्राने त्यांची समजूत घातली. काही विपरीत झालेच, तर तुला दोष द्यायला कोणी उरणारच नाही, असे तो मित्र म्हणाला!

ही गोष्ट वाचताना प्रथम हसू येते, आणि मग अंगावर काटा उभा राहतो. दोष आपल्यावर येणार नाही एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. चूक असलीच तर ती कुठे असू शकेल, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासूनच होता, असे मला वाटते.

युद्ध संपल्यावर १९४६ साली ते बेल टेलिफोन कंपनीच्या प्रसिद्ध प्रयोगशाळेत आले आणि पुढील ३० वर्षे तेथेच राहिले. माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन हे काही काळ त्यांच्याच खोलीत बसत. या प्रयोगशाळेने बनवलेले मॉडेल पाच नावाचे एक गणनयंत्र होते. त्यात आजच्यासारख्या चिप नव्हत्या, तर सुमारे ९,००० रिले होते. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने उघडझाप करणारा स्विच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तो वापरत. वीज आली की पट्टी खाली येऊन टेकते, वीज गेली की वर उठते. टेकली की एक, उठली की शून्य.

रिले तसा भरवशाचा. परंतु दोन टोकांच्या मध्ये धुळीचा एखादा कण अडकला, तरी पट्टी टेकूनही वीज वाहत नाही. विशेष म्हणजे तो कण पुढच्याच क्षणी उडून जाऊ शकतो, आणि मग तपासायला जावे तर रिले अगदी ठणठणीत! कायमचा बिघाड सापडतो, पण असा येऊन-जाऊन असणारा बिघाड माणसाला रडकुंडीला आणतो. ज्याच्या घरचा दिवा कधी लागतो, कधी मिणमिणतो, त्याला हे वेगळे सांगायला नको. या यंत्रांत दिवसाला सरासरी दोन-तीन रिले चुकत असत, म्हणजे वीस-तीस लाख उघडझापींमागे एक चूक. एवढा प्रामाणिकपणा माणसांतही दुर्मीळ. पण लांबलचक गणितात एक चूकही सारे उत्तर बिघडवते. योगायोग असा की, याच सुमारास, ९ सप्टेंबर १९४७ रोजी, हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क दोन या यंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, आणि ती वही आजही अमेरिकेत जतन केलेली आहे.

मॉडेल पाच बनवणारे लोक हुशार होते. प्रत्येक अंकासाठी गरजेपेक्षा जास्त रिले ठेवून, त्यांपैकी ठरावीक दोनच चालू असतील अशी योजना त्यांनी केली होती. एक किंवा तीन चालू दिसले की काहीतरी चुकले आहे हे यंत्राला कळे आणि ते थांबे. दिवसा माणसे हजर असत. ती बिघाड शोधून काम पुढे चालवत. परंतु रात्री आणि सुट्टीच्या दिवशी यंत्राजवळ कोणी नसे. तेव्हा चूक आढळली की यंत्र ते गणित तेथेच टाकून देई आणि पुढचे हाती घेई.

हॅमिंग हे तेव्हा नवखे. त्यांच्या वाट्याला शनिवार-रविवारच यायचा. शुक्रवारी गणिते लावून जायचे आणि सोमवारी उत्तरे घ्यायची, असा त्यांचा बेत असे. एका सोमवारी येऊन पाहतात तो उत्तरे नाहीत. यंत्राने त्यांचे काम मध्येच टाकून दिलेले. पुढच्या आठवड्यातही तेच. दोन आठवडे पाण्यात गेले. हॅमिंग यांचा संताप अनावर झाला. परंतु त्या संतापातून शिवीऐवजी एक प्रश्न बाहेर पडला. चूक झाली एवढे यंत्राला समजते, तर ती नेमकी कुठे झाली हेही त्याला का समजू नये? आणि कुठे ते समजले, तर त्याने ती स्वतःच दुरुस्त का करू नये?

प्रश्न साधा वाटतो. परंतु दोन्हींतला फरक फार मोठा आहे. आपल्या पेपरावर गुरुजी लाल फुली मारतात तेव्हा उत्तर चुकले एवढेच कळते. कोणत्या पायरीवर चुकले हे ज्याला कळले, तोच पुढच्या वेळी सुधारतो. ज्या घरात विचारायला कोणी शिकलेले नसते, तेथे नुसती फुली पोरांना शाळेतून उठवते.

आता हॅमिंग यांची युक्ती पाहू. गणिताला घाबरणाऱ्या माझ्यासारख्यांनाही ती समजते. किराणा दुकानदार वहीत चौकोनी तक्ता करून आडव्या आणि उभ्या बेरजा मांडतो. एक आकडा चुकला तर एक आडवी आणि एक उभी बेरीज जुळत नाही, आणि त्या दोन ओळी जेथे एकमेकींना छेदतात तेथेच चूक असते. हॅमिंग यांनी सुरुवात अशाच चौकोनापासून केली. परंतु त्यात तपासणीच्या बेरजा फार लागतात. कमीत कमी बेरजांत हे कसे साधेल, याचा ध्यास त्यांनी घेतला, आणि जे उत्तर सापडले ते असे.

समजा, एका रांगेत सात दिवे आहेत. डावीकडून त्यांना १ ते ७ क्रमांक द्या. तिसरा, पाचवा, सहावा आणि सातवा हे चार दिवे आपला निरोप सांगतात. पहिला, दुसरा आणि चौथा हे तीन पहारेकरी आहेत. पहिला पहारेकरी १, ३, ५, ७ यांच्यावर नजर ठेवतो. दुसरा २, ३, ६, ७ यांच्यावर. आणि चौथा ४, ५, ६, ७ यांच्यावर. नियम एकच : प्रत्येक पहारेकऱ्याच्या गटात, तो स्वतः धरून, लागलेल्या दिव्यांची संख्या सम असली पाहिजे. त्यासाठी पहारेकऱ्याने स्वतः लागायचे किंवा विझलेले राहायचे.

आपला निरोप असा आहे की तिसरा दिवा लागलेला, पाचवा विझलेला, सहावा आणि सातवा लागलेले. पहिल्याच्या गटात तिसरा व सातवा असे दोन दिवे आधीच लागलेले आहेत, म्हणून पहिला विझलेला राहतो. दुसऱ्याच्या गटात तिसरा, सहावा, सातवा असे तीन होतात, म्हणून दुसऱ्याने लागायचे. चौथ्याच्या गटात सहावा व सातवा असे दोन, म्हणून चौथा विझलेला. आता कोणाचे लक्ष नसताना सहावा दिवा विझला असे धरा. पहिला पहारेकरी मोजतो, त्याचे दोन दिवे बरोबर. दुसरा मोजतो, तीन भरतात, तक्रार. चौथा मोजतो, एकच भरतो, तक्रार. तक्रार करणाऱ्यांचे क्रमांक दोन आणि चार. दोन अधिक चार सहा. बिघडलेला दिवा सहावा! कोणताही एक दिवा बदलून पाहा, तक्रारींची बेरीज त्याच दिव्यावर बोट ठेवते. मग तो उलटा केला की निरोप पूर्ववत. पहारेकऱ्यांपैकीच एक बिघडला तर तो एकटाच तक्रार करतो आणि स्वतःचाच क्रमांक सांगतो. मी वहीत सातही दिवे काढून एकेक करून पाहिले, आणि दर वेळी उत्तर बरोबर आले तेव्हा झालेला आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

या रीतीलाही मर्यादा आहे, हेही सांगितले पाहिजे. एकदम दोन दिवे बिघडले तर पहारेकरी भलत्याच दिव्याकडे बोट दाखवतात. म्हणून हॅमिंग यांनी साऱ्यांवर नजर ठेवणारा आणखी एक दिवा जोडला. मग एक चूक असेल तर दुरुस्ती होते, आणि दोन असतील तर आपल्याला ही दुरुस्त करता येणार नाही असे यंत्र कबूल करते. आपल्या ज्ञानाची मर्यादा यंत्राला सांगता यावी, ही मला या शोधातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

या शोधातून पुढे आलेली दुसरी कल्पना हॅमिंग अंतर या नावाने प्रसिद्ध आहे. दोन शब्दांत किती जागी फरक आहे, ते त्यांचे अंतर. ही गोष्ट आम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांना चटकन पटते. मोर आणि बोर यांत एकाच अक्षराचा फरक आहे. छापताना खिळा चुकला तर मोराचे बोर होते आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. परंतु महाविद्यालय या शब्दातील एखादे अक्षर चुकले, तरी आपण बरोबर वाचतो, कारण त्याच्या जवळपास दुसरा शब्दच नाही. निरोपाचे शब्द एकमेकांपासून पुरेसे दूर ठेवले, की लहान चूक त्यांचा घात करू शकत नाही.

शॅनन यांनी १९४८ सालच्या आपल्या गाजलेल्या निबंधात हॅमिंग यांच्या नावानिशी या युक्तीचे उदाहरण दिले. हॅमिंग यांचा स्वतःचा निबंध मात्र पेटंटच्या खटपटीमुळे लांबला आणि १९५० च्या एप्रिलमध्ये बेल कंपनीच्या नियतकालिकात छापला गेला. दरम्यान मार्सेल गोले या शास्त्रज्ञाने १९४९ साली याच विषयावर आपला छोटासा निबंध प्रसिद्ध केला होता. गोले यांचे कामही मोठ्या तोलाचे आहे. दोघांनाही आज मानाने ओळखले जाते.

रिलेचे युग लवकरच संपले. परंतु यंत्र बदलले म्हणून बिघाड संपत नाही. धुळीच्या कणाची जागा दुसऱ्या कणांनी घेतली! १९७८ साली इंटेल कंपनीतील मे आणि वुड्स या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, चिपच्या वेष्टनातील अतिसूक्ष्म किरणोत्सारी अंशांतून सुटणारा आल्फा कण मेमरीतील एखाद्या शून्याचा एक करू शकतो. यात चिपला काहीच इजा होत नाही; फक्त निरोप बिघडतो. म्हणून मोठमोठ्या कामांच्या संगणकांत ६४ निरोपाच्या खुणांबरोबर ८ पहारेकरी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. तेथे मेमरी चूक सुधारते आणि ती कोणत्या पट्टीत झाली याची नोंदही ठेवता येते. तीच पट्टी वारंवार चुकू लागली की ती बदलायची. घरगुती आणि साध्या केंद्रांतील संगणकांत खर्च वाचवण्यासाठी बहुधा असे पहारेकरी नसतात, आणि मग आमच्यावर आली तशी वेळ येते. तेथे दुरुस्तीवाल्या काकांसारखा माणूसच पहारेकरी होतो. एका वेळी एकच भाग बदलून पाहायचा आणि तक्रार कोणाकडून येते ते ऐकायचे, ही त्यांची रीत हॅमिंग यांच्या रीतीची बहीणच नव्हे काय?

चहाच्या टपरीवर पैसे देण्यासाठी लावलेले चौकटीचे चित्र कोपऱ्यात थोडे फाटले, तरी फोनला ते वाचता येते. त्यामागे रीड आणि सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेली निराळी पद्धत आहे. पण चूक होणारच असे धरून आधीच तजवीज करण्याचा हा जो मार्ग, त्यावरचे पहिले ठळक पाऊल हॅमिंग यांचे होते.

१९५८ ते १९६० या काळात हॅमिंग हे अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. १९६८ साली त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पुढे त्यांच्याच नावाने एक पदक सुरू झाले आणि १९८८ साली ते प्रथम त्यांनाच देण्यात आले.

त्यांचा स्वभाव मात्र गोडगोड नव्हता. प्रयोगशाळेत दुपारच्या जेवणाला ते मुद्दाम निरनिराळ्या शास्त्रांच्या लोकांच्या टेबलावर जाऊन बसत. रसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर त्यांनी प्रथम विचारले की तुमच्या विषयातील सर्वांत महत्त्वाचे प्रश्न कोणते? काही दिवसांनी विचारले की तुम्ही सध्या कोणत्या प्रश्नावर काम करता? आणि शेवटी विचारले की, जे महत्त्वाचे नाही त्यावर तुम्ही आयुष्य का घालवता? साहजिकच त्या टेबलावर त्यांचे स्वागत होईनासे झाले. परंतु त्यांपैकी एकाने तो प्रश्न मनाला लावून घेतला, उन्हाळाभर त्यावर विचार केला, आणि पुढे तो आपल्या विभागाचा प्रमुख झाला. माणसाच्या आयुष्यातही चूक कुठे आहे हे दाखवणारा कोणीतरी लागतो. तो आवडेलच असे नाही.

१९७६ साली बेल प्रयोगशाळा सोडून ते कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे अमेरिकी नौदलाच्या पदव्युत्तर शिक्षणसंस्थेत गेले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांनी शिकवण्याचे काम हाती घेतले आणि १९९७ पर्यंत ते सोडले नाही. शिकायचे कसे हे शिकणे, हाच त्यांच्या वर्गाचा गाभा होता. त्यावरचे त्यांचे पुस्तकही १९९७ सालीच प्रसिद्ध झाले. ७ जानेवारी १९९८ रोजी माँटेरे येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ब्याऐंशी वर्षांचे होते.

हॅमिंग यांच्या चरित्रातून मी काय घेतले? त्यांनी न चुकणारे यंत्र बनवण्याचा अट्टहास धरला नाही. नऊ हजार रिलेंपैकी एखादा चुकणारच, हे त्यांनी मान्य केले, आणि चुकला तरी काम वाया जाऊ नये अशी व्यवस्था केली. आपल्या समाजात चूक झाली की प्रथम माणूस शोधतात, जागा नंतर. कित्येकदा जागा शोधायची राहूनच जाते. आणि सापडलेला माणूस बहुधा तोच असतो, ज्याला उलटून बोलता येत नाही.

त्या दिवशी संगणक केंद्रातून परत येताना वडील एसटीत गप्पच होते. गाव जवळ आल्यावर त्यांनी मला विचारले की, बिघाड त्या पट्टीतच होता ना, नक्की? मी म्हटले, हो बाबा, पट्टीतच होता. त्यांनी मान डोलावली, आणि मग बऱ्याच वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. सोमवारी रिकामे यंत्र पाहून तो गणिती का संतापला असेल, हे मला त्या हसण्यावरून समजले.